जीनची नावं वाचताना डोकं फिरते? पराटी (कापूस), धान अन् सोयाबीनवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

कृषी कॉलेजात जेनेटिक्स लागलं की पोरं डीएनएत नाही अडकत, नावांत अडकतात. अन् सुट्टीत घरी गेलं की बाबा, काका, धुऱ्याशेजारचे भाऊ वेगळंच विचारतात, बीटी पराटीचं बीजी-टू म्हणजे जीन हाय का, ते क्राय क्राय काय असते. जीन म्हणजे जनुक, गुण ठरवणारा डीएनएचा तुकडा. दोन्हीकडचे प्रश्न इथं एका जागी आणले. इंग्रजी अक्षरं देवनागरीतच लिहिली आहेत, जिथं कॅपिटल-स्मॉलनं अर्थ बदलते तिथं तसं सांगितलं आहे. क्रमानं वाचायची गरज नाही, पण क्रायवालं उत्तर सोडू नका.

सगळ्या पिकांसाठी जीनला नाव द्यायचा एकच नियम आहे का?

नाही. माणसाच्या जीनसाठी एक कमिटी आहे, ती म्हणेल ते नाव. झाडांत तसं नाही, प्रत्येक पिकाच्या लोकांनी आपापले नियम बनवले, तेही वेगवेगळ्या काळात. मेंडेलनं वाटाण्यावर काम केलं तेव्हा नुसतं कॅपिटल ए अन् स्मॉल ए वापरलं, कॅपिटल म्हणजे प्रभावी गुण, स्मॉल म्हणजे अप्रभावी, अन् तेव्हा तर 'जीन' हा शब्दही नव्हता, तो जोहान्सननं १९०९ मध्ये आणला. मग मक्यावाल्यांनी आपली पद्धत काढली, गव्हावाले जीनच्या चिन्हांचा एक मोठा कॅटलॉग ठेवतात अन् त्यात भर टाकत राहतात, धानाचे नियम आंतरराष्ट्रीय कमिटीनं २००८ मध्ये नव्यानं छापले. म्हणून एकच नाव दोन पिकांत दोन अर्थाचं निघते. पेपर हातात आला की आधी पीक कोणतं ते पहा, मग नाव वाचा.

सर, सगळ्या पुस्तकात ॲराबिडॉप्सिसच काहून? आपल्याकडं तर ते दिसतही नाही.

दिसलं तरी तुम्ही निंदून फेकाल. मोहरीच्या कुळातलं बारकं तण आहे ते, ना खायच्या कामाचं ना ढोराच्या. पण बी टाकलं की दीड-दोन महिन्यात परत बी हाती येते, जीनोम, म्हणजे झाडाचा सगळा डीएनए, लहान आहे, अन् २००० साली पूर्ण जीनोम वाचून झालेलं ते पहिलं झाड. त्यामुळं बहुतेक जीनचं बारसं तिथंच झालं. तुरीत किंवा पराटीत एखादा जीन सापडला की लोक पाहतात ॲराबिडॉप्सिसमध्ये याच्यासारखा कोणता आहे, अन् तेच नाव पुढं आपल्या पिकाची दोन अक्षरं लावून चिकटवून देतात. सोय आहे, पण धोकाही आहे, अक्षरांची माळ सारखी असली म्हणजे काम सारखंच असते असं नाही. नावात 'फुलोरा' आला म्हणून तुरीतला तो जीन फुलोऱ्याचंच काम करते हे कोणीतरी वावरात किंवा लॅबमध्ये तपासलेलं पाहिजे. निम्म्या थेसिसमध्ये ही तपासणी नसते हे मी इथं मोकळेपणानं सांगून टाकतो.

नाव एक अन् काम उलटं, असं कसं? 'लीफी' जीन फुलं कसा बनवते?

हा प्रश्न दरवर्षी येते अन् यायलाच पाहिजे. लीफी हा जीन झाडाला फुल बनवायला सांगते. तो मोडला की जिथं फुल यायचं तिथं पानाळ फांद्या येतात. ज्यानं पाहिलं त्यानं आधी ते पानाळ झाड पाहिलं, म्हणून नाव पडलं लीफी. जीन काय करते ते नंतर समजलं. म्हणजे विहिरीवरची मोटर बंद पडली अन् वावर वाळलं, तर मोटरचंच नाव 'कोरडं वावर' ठेवल्यासारखं झालं.

हे असं होते कारण कामाची रीतच तशी होती. बी घ्यायचं, ईएमएस नावाच्या केमिकलमध्ये भिजवायचं किंवा किरणं मारायची, हजारो रोपं उगवायची, अन् एकेक पाहत जायचं की कोणतं वेगळं दिसते. वेगळं दिसलं की त्या वेगळेपणाचं नाव. ॲगॅमस घ्या, तो चांगला असला की पुंकेसर अन् स्त्रीकेसर बनतात, मोडला तर पाकळ्यांवर पाकळ्याच येत राहतात. शूट मेरिस्टेमलेस हा जीन असला तरच शेंड्याचा वाढता कोंब टिकतो, नावात मात्र 'कोंब नसलेला'. पानावरच्या रंध्रांचा एक जीन आहे, टू मेनी माउथ्स, तो चांगला असला की रंध्रं नीट अंतरावर बनतात, बिघडला की एकमेकाला चिकटून गर्दी करतात.

आता हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. मे २०२५ मध्ये भारतात जीनोम एडिटिंग केलेले, म्हणजे धानाच्याच डीएनएत नेमक्या जागी बदल केलेले, धानाचे दोन वाण जाहीर झाले, त्यातला एक पुसा डीएसटी राइस १, तो एमटीयू १०१० या आधीच्या वाणापासून बनवला. डीएसटी म्हणजे ड्राउट अँड सॉल्ट टॉलरन्स, दुष्काळ अन् खारपण सहन करणं. नाव ऐकून कोणालाही वाटेल की हा जीन आत टाकला म्हणून धान तगते. खरं उलटं आहे. डीएसटी जीन शाबूत असला तर तो सहनशक्तीला लगाम घालते, म्हणून एडिटिंगनं तोच निकामी केला. 'डीएसटी जीन टाकला' असं कुठं वाचलं तर लिहिणाऱ्यानं नावावरून अंदाज मारला असं समजा.

कॅपिटल, स्मॉल, तिरकं अक्षर, एवढी कटकट कायले?

कारण त्यातच अर्थ आहे. ॲराबिडॉप्सिसमध्ये जीनचं चिन्ह बहुधा तीन अक्षरी. सगळं कॅपिटल अन् तिरकं म्हणजे चांगला, शाबूत जीन. सगळं स्मॉल अन् तिरकं म्हणजे मोडलेला, म्युटंट. कॅपिटल पण सरळ उभं म्हणजे त्या जीनपासून बनलेलं प्रोटीन. मक्यात वेगळं, तिथं जीनचं नाव मुळातच स्मॉल अन् तिरकं, प्रभावी रूप सांगायचं असलं तर पहिलं अक्षर कॅपिटल. गव्हात अन् टोमॅटोत जुन्या चालीनं प्रभावी असला तर पहिलं अक्षर मोठं, अप्रभावी असला तर लहान. बॅक्टेरियात तीन स्मॉल तिरकी अक्षरं म्हणजे जीन, पहिलं अक्षर कॅपिटल करून सरळ लिहिलं म्हणजे प्रोटीन.

हातानं लिहिताना, प्रॅक्टिकल रेकॉर्डमध्ये, तिरकं लिहायचा प्रयत्न नका करू, खाली रेघ मारा, छापखान्यात रेघेचा अर्थ तिरकंच होते. व्हॉट्सॲपवर शब्दाच्या दोन्हीकडं खालची आडवी रेघ टाकली की तिरका होते, आमच्या ग्रुपवर आता पोरं तसंच करून राहिली.

भाऊ, क्राय म्हणजे बीटीचाच जीन ना? मग गुगलवर क्राय टाकलं तर उजेडाचं काहीतरी काहून येते?

कारण क्राय दोन आहेत अन् एकमेकाशी काही संबंध नाही.

पहिला क्राय बीटीचा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा बॅक्टेरिया आपल्या पोटात एक प्रोटीन स्फटिकाच्या रूपात साठवते, स्फटिक म्हणजे क्रिस्टल, त्याची पहिली तीन अक्षरं घेऊन सी आर वाय. दुसरा क्राय झाडाचा स्वतःचा, क्रिप्टोक्रोम, तो निळा उजेड ओळखते, त्यावरून रोप किती उंच काढायचं, फुल कधी काढायचं हे झाड ठरवते. आता गंमत पहा, बीटी पराटीत हे दोन्ही एकाच पेशीत आहेत. झाडाचा स्वतःचा क्राय१ पिढ्यानपिढ्या होताच, अन् बाहेरून टाकलेला क्राय१एसी वेगळा. ओळखायचं कसं, तर झाडाचा असला की सगळी अक्षरं कॅपिटल अन् पुढं बहुतेक वेळा जीएच लावलेलं असते, म्हणजे गॉसिपियम हिर्सुटम. बीटीचा असला की जीन लिहिताना सी आर वाय स्मॉल, अन् आकड्यानंतर अजून अक्षरं लटकलेली, एक कॅपिटल, एक स्मॉल. थेसिससाठी माहिती शोधणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवावं, नाहीतर उजेडाचे पेपर बोंडअळीच्या धड्यात घुसतात.

मग क्राय१एसी अन् क्राय२एबी, यातले आकडे अन् अक्षरं काय सांगतात?

हे सगळ्यात नीट बांधलेलं नामकरण आहे, मला तरी सगळ्यात जास्त आवडते. १९८९ मध्ये पहिली पद्धत आली तेव्हा रोमन आकडे होते अन् वाटणी कोणता कीडा मरते यावर होती, एक नंबर पतंगवर्गीय अळ्यांसाठी, तीन नंबर भुंग्यांसाठी, अशी. अडचण ही की नवीन प्रोटीन सापडलं की आधी दहा किड्यांवर टाकून पाहा मगच नाव, अन् दिसायला जवळचे दोन प्रोटीन वेगळ्या खात्यात जायचे. १९९८ मध्ये ते बदललं. आता फक्त प्रोटीनची अमिनो आम्लांची माळ दुसऱ्याशी किती जुळते ते पाहायचं. ४५ टक्क्यांपेक्षा कमी जुळलं तर पहिला आकडाच वेगळा. ४५ ते ७८ टक्के जुळलं तर आकडा तोच, कॅपिटल अक्षर वेगळं. ७८ ते ९५ टक्के असलं तर फक्त शेवटचं स्मॉल अक्षर वेगळं. त्याच्याही वर जुळलं तर शेवटी एक आकडा लागते, तो शेतकऱ्याच्या कानावर कधी येत नाही.

आता वाचा. क्राय१एसी अन् क्राय१एबी, फरक फक्त स्मॉल अक्षराचा, म्हणजे सख्खे भाऊ. क्राय१एसी अन् क्राय२एबी, पहिला आकडाच वेगळा, म्हणजे निम्मंही जुळत नाही. शेवटचं 'बी' सारखं दिसलं म्हणून क्राय१एबी अन् क्राय२एबी जवळचे समजू नका, नाव डावीकडून उजवीकडं वाचायचं असते.

याच्यात आपल्या भागाची सगळी कहाणी आहे. २००२ मध्ये आलेल्या बीटीत एकटा क्राय१एसी होता. २००६ मध्ये दोन जीनवालं आलं, क्राय१एसी अधिक क्राय२एबी. मुद्दाम लांबचा जोडीदार घेतला, कारण दोघं अळीच्या आतड्यात वेगवेगळ्या ठिकाणी चिकटतात, एकाला अळी सरावली तरी दुसरा मारेल हा हिशोब. गुलाबी बोंडअळीनं तो हिशोब मोडला, २०१७ च्या हंगामात यवतमाळपासून सगळीकडं बोंडं फोडली की आत अळी, हे कोणाला सांगायची गरज नाही. अळीच्या बाजूचेही जीन शास्त्रज्ञांनी नावानिशी शोधले, पीजीसीएडी१ बिघडला की क्राय१एसी चिकटत नाही, पीजीएबीसीए२ बिघडला की क्राय२एबी चालत नाही. ते पीजी म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला, गुलाबी बोंडअळीचं शास्त्रीय नाव.

बीजी-वन, बीजी-टू, मॉन ५३१, एचटीबीटी, हे सगळे जीनच ना?

एकही नाही. बीजी म्हणजे बोलगार्ड, कंपनीचा ब्रँड. मॉन ५३१ हे इव्हेंटचं नाव. इव्हेंट म्हणजे जीन झाडाच्या गुणसूत्रात नेमका एका ठिकाणी जाऊन बसला ती घटना अन् तिथून पुढची वंशावळ. तोच क्राय१एसी दुसऱ्या जागी बसला तर इव्हेंट वेगळा, मंजुरी वेगळी, कागद वेगळे. बीजी-टूचा इव्हेंट मॉन १५९८५. एचटीबीटी हे तर बाजारातलं बोलणं, आपल्याकडं चोरबीटीही म्हणतात, त्यात तणनाशक सहन करायचा जो जीन असते त्याचं नाव सीपी४ ईपीएसपीएस, सीपी४ हा अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचा एक स्ट्रेन अन् ईपीएसपीएस हे एन्झाइम. भारतात त्याच्या लागवडीला मंजुरी नाही. पाकिटावर काहीही छापलं असलं तरी आत कोणता जीन आहे ते नाव वाचून नाही, तपासणी करूनच समजते.

जीनच्या पुढं जीएम, ओएस, सीए अशी दोन अक्षरं असतात ती कशाची?

पिकाच्या शास्त्रीय नावाची. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, दुसऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर स्मॉल. धान ओरायझा सटायव्हा, म्हणून ओएस. सोयाबीन ग्लायसिन मॅक्स, जीएम. ज्वारी एसबी, तूर सीसी, अमेरिकन कापूस जीएच, देशी कापूस जीए.

दोनच अक्षरं, त्यामुळं टक्कर होणारच. हरभरा सायसर अरायटिनम, सीए. मिरची कॅप्सिकम ॲन्युअम, तीही सीए. कॉफी अरेबिका, तीही सीए. म्हणजे भिवापुरी मिरचीवाला अन् हरभऱ्यावाला दोघंही सीए लिहून एकमेकाचे पेपर उघडत बसतात.

त्याहून भारी टक्कर आपल्या घरातली आहे. पश्चिम विदर्भात जीएम म्हटलं की सोयाबीन. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं, सिंदेवाहीच्या धान केंद्रावर, जीएम म्हटलं की गादमाशी. धानातले गादमाशीला रोखणारे जीन जीएम१, जीएम२, जीएम४, जीएम८ असेच लिहितात, गॉल मिज या नावावरून. अन् वर्तमानपत्रवाल्यांसाठी जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेलं पीक. तीन अर्थ, अन् तिन्ही एकाच जिल्हा कार्यशाळेत येऊ शकतात. देशी कापसाच्या जीएचंही तसंच, जीए२०ऑक्स नावात दोन्ही अक्षरं कॅपिटल आहेत, तिथं जीए म्हणजे जिबरेलिन नावाचं वाढीचं संप्रेरक, कापसाशी संबंध नाही.

ते लांबलचक नंबर, एटी५जी६१८५० वगैरे, ते काय आहे?

नाव बदलते, भांडणं होतात, म्हणून पत्ता. एटी म्हणजे ॲराबिडॉप्सिस थॅलियाना, ५ म्हणजे पाचवं गुणसूत्र, जी म्हणजे जीन, मग गुणसूत्रावरचा क्रमांक. हा नंबर लीफीचा. मूळ नंबर दहा-दहाच्या अंतरानं दिले होते, मधे नवीन जीन सापडला तर जागा राहावी म्हणून. शेवटी टिंब देऊन एक, दोन असं असलं तर त्याच जीनपासून बनणाऱ्या वेगवेगळ्या आरएनए प्रती.

धानात दोन नंबर चालतात, हा घोळ बऱ्याच जणांना माहीत नसते. बुटक्या धानाचा एसडी१ घ्या, जपानी डेटाबेसमध्ये तो ओएस०१जी०८८३८००, अमेरिकी यादीत तोच एलओसी_ओएस०१जी६६१००. थेसिसमध्ये दोन्ही द्या, वाचणारा दुवा देईल.

अन् एक गोष्ट लक्षात ठेवा, नंबर ज्या वाणाचा जीनोम आधी वाचला त्याच्यावरच असतात. धानात तो निप्पोनबारे, जपानी वाण. पुराच्या पाण्यात धान तगवणारा सब१ए त्याच्यात नाहीच, तो ओडिशाच्या एफआर१३ए या गावठी धानातून आला, २००६ मध्ये नेमका कोणता ते समजलं, अन् स्वर्णा-सब१ त्याच्यावरच बनलं. कमी फॉस्फरसमध्ये मुळं वाढवणारा पीएसटीओएल१ पण तसाच, कासालथ नावाच्या वाणात आहे, निप्पोनबारेत नाही. म्हणजे यादीत नंबर नाही याचा अर्थ जीन नाही असा होत नाही. आपल्या झाडीपट्टीतल्या जुन्या धानांवर काम करणाऱ्यानं फक्त निप्पोनबारेच्या यादीवर बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकाच जीनला दोन-तीन नावं कशी?

दोन टोकांकडून दोघांनी शोधला म्हणून. एकानं वावरातून सुरुवात केली, दुसऱ्यानं एन्झाइमकडून. दाण्यांची संख्या ठरवणारा जीएन१ए अन् सायटोकायनिन संप्रेरक तोडणारा सीकेएक्स२, दोन्ही एकच निघाले. एडिटिंगचा दुसरा वाण, डीआरआर धान १०० उर्फ कमला, सांबा महसुरीत हाच जीन बदलून बनवला, म्हणून कोणत्या बातमीत जीएन१ए दिसेल, कोणत्या बातमीत सीकेएक्स२. एसडी१ म्हणजेच जीए२०ऑक्स२. उजेडाच्या क्राय१चं आधीचं नाव एचवाय४. अन् याच्या उलट, एआरएफ हे एकच चिन्ह दोन वेगळ्या घराण्यांना, एक ऑक्झिन या संप्रेरकाच्या हुकमावर चालणारं, दुसरं पेशीतली माल-वाहतूक सांभाळणारं, अन् दोन्ही एकाच झाडात. पूर्ण नाव एकदा तरी लिहा ही सूचना संपादक उगाच देत नाहीत.

एक्सए२१, एक्सए५ यांच्यात कॅपिटल-स्मॉलचा फरक शेतकऱ्याच्या कामाचा आहे का?

आहे, अन् चांगलाच. एक्सए म्हणजे झँथोमोनास, धानाचा कडाकरपा आणणारा बॅक्टेरिया, त्याला रोखणारे जीन त्याच्याच नावानं. तसंच पीआय म्हणजे पायरिक्युलॅरिया, मानमोडी आणणारी बुरशी, अन् बीपीएच म्हणजे तपकिरी तुडतुडे. गव्हात एलआर, एसआर, वायआर हे पानावरचा, खोडावरचा अन् पिवळा असे तीन तांबेरे. म्हणजे रोगाला रोखणाऱ्या जीनला नाव रोगाचंच.

आता सुधारित सांबा महसुरीत तीन जीन आहेत, कॅपिटलवाला एक्सए२१, अन् स्मॉलवाले एक्सए१३ अन् एक्सए५. एक्सए२१ प्रभावी, एक प्रत आली तरी काम करते. बाकी दोघं अप्रभावी, आई अन् बाप दोन्हीकडून आले तरच रोग अडते. सरळ वाणात चिंता नाही, पण संकरित धान बनवायचं असलं तर एक्सए२१ एका बाजूनं दिला तरी चालते, स्मॉलवाले दोन्ही बाजूंच्या ओळीत टाकावे लागतात, म्हणजे काम दुप्पट. एका स्मॉल अक्षरामागं ब्रीडरची किती वर्षं जातात ते यावरून समजा.

गव्हाचा आरएचटी-बी१बी कसा वाचायचा?

आरएचटी म्हणजे रिड्यूस्ड हाइट, बुटकेपणा. गव्हात तीन जीनोम एकत्र आहेत, ए, बी, डी, म्हणून मधलं बी कोणत्या जीनोमवर ते सांगते, इथं ४बी गुणसूत्र. शेवटचं स्मॉल बी म्हणजे त्या जीनचं कोणतं रूप, ए म्हणजे उंच, बी म्हणजे बुटकं. जुन्या पुस्तकात हाच आरएचटी१ आहे, अन् आरएचटी२ म्हणजे आजचा आरएचटी-डी१बी. जपानच्या नोरिन १० मधून आलेले हे दोघं, हरित क्रांतीचा बुटका गहू यांच्यावरच उभा राहिला.

नावाच्या आधी स्मॉल क्यू असला तर?

तो अजून नेमका जीन नाही, गुणसूत्रावरचा पट्टा आहे, क्यूटीएल. क्यूडीटीवाय१२.१ म्हणजे दुष्काळातल्या उत्पन्नाचा बाराव्या गुणसूत्रावरचा पहिला पट्टा. पट्ट्यात शेकडो जीन असू शकतात. नेमका सापडला की क्यू बहुतेक वेळा गळून पडते.

एचएमटी, जेएस-३३५, जाकी ९२१८, एकेए-७, ही जीनची नावं का नाही?

ही वाणांची नावं आहेत, पूर्ण झाडाची, त्यात हजारो जीन. वाणाला नाव द्यायला जीनसारखी बंधनं नसतात. एचएमटी धान नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी निवडून काढलं अन् नाव पडलं त्या काळात चालणाऱ्या घड्याळावरून. जीनच्या कमिटीपुढं असं नाव गेलं असतं तर पहिल्याच बैठकीत परत आलं असतं.

मग 'सुपरमॅन' नावाचा जीन कसा चालला?

चालला खरा. तो बिघडला की फुलात पुंकेसर जास्त येतात, म्हणून ते नाव. पुढं त्याच जीनची, डीएनएची अक्षरं तीच पण वरून मिथाइलचे ठिपके लागून गप्प झालेली रूपं सापडली, त्यांना क्लार्क केंट म्हटलं, गोष्टीतल्या सुपरमॅनच्या साध्या माणसाच्या रूपाचं नाव. अन् सुपरमॅनला असं गप्प करण्यात ज्याचा हात असते तो जीन क्रिप्टोनाइट, गोष्टीत सुपरमॅनची ताकद घालवणारा दगड. मुळाच्या केसांवर वेअरवुल्फ आहे, मुळाच्या थरांवर स्केअरक्रो. पोरांना ही नावं पटकन पाठ होतात, काम काय ते मात्र नाही होत.

एक्सेलमध्ये जीनची नावं तारीख होऊन जातात, काय करू?

हे सगळ्यांसोबत होते. एपीआर१ हा गंधकाच्या पोषणातला जीन, एक्सेल त्याचा एक एप्रिल करते. फुलाचा एसईपी३ तीन सप्टेंबर होते. ओसीटी१, एमएआर१ यांचीही तीच गत. माणसाच्या जीनवाल्यांनी वैतागून २०२० मध्ये असली काही नावंच बदलली, झाडवाल्यांनी ती तशीच ठेवली. उपाय सोपा, डेटा पेस्ट करायच्या आधी तो कॉलम टेक्स्ट करा. नंतर करून फायदा नाही, एकदा तारीख झाली की आतलं मूळ नाव गेलं, टेक्स्ट केल्यावर एक आकडाच दिसेल. अन् सोबत नंबर, म्हणजे एटीवाला पत्ता, वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, नाव बिघडलं तरी पत्त्यावरून परत काढता येते.

नावानंतर डॅश देऊन आकडा असते तो?

म्युटंटचा क्रमांक. एलएफवाय-१ म्हणजे लीफीचा पहिला बिघडलेला नमुना, एलएफवाय-२ म्हणजे दुसऱ्या ठिकाणी बिघडलेला दुसरा. डॅश नसलेला आकडा वेगळा, एबीआय१ अन् एबीआय३ हे दोन वेगळे जीन. एबीआय१-१ म्हटलं की पहिल्या जीनचा पहिला म्युटंट.

मला नवीन जीन सापडला तर गावाचं नाव देता येईल का?

आधी हे पहा की तो खरंच नवीन आहे का. धानाचा असला तर ओरायझाबेस, मका असला तर मेझजीडीबी, कापूस कॉटनजेन, सोयाबीन सोयबेस, ॲराबिडॉप्सिस टेअर, तिथं चिन्ह टाकून शोधा. आधीच नाव असलं तर तेच वापरा, आपलं नवीन चिकटवू नका. नसलं तर असं चिन्ह घ्या जे दुसऱ्या कोणत्या घराण्याला लागलेलं नाही, नाव गुणावरून किंवा कामावरून, अन् पेपर पाठवायच्या आधी त्या पिकाच्या डेटाबेसवाल्यांना कळवून नोंदवून घ्या. पेपर छापून झाल्यावर नाव बदलायला गेलं की जुनं अन् नवं दोन्ही चालू राहतात अन् पुढच्याला दोन्ही लिहावे लागतात. गावाचं नाव द्यायची हौस असली तर वाणाला द्या, तिथं जागा आहे.

एमआयआर अन् फक्त शेवटचा आर मोठा असलेला एमआयआर, हा टायपिंगचा घोळ ना?

नाही. तिन्ही अक्षरं कॅपिटल अन् तिरकी म्हणजे जीन, एम-आय स्मॉल अन् आर कॅपिटल म्हणजे त्यापासून बनलेला बारका आरएनए. पुढं तीन अक्षरं लागतात, एटीएच ॲराबिडॉप्सिस, ओएसए धान, जीएचआर अमेरिकन कापूस, जीएमए सोयाबीन. इथं दोनऐवजी तीन अक्षरं घेतल्यामुळं हरभरा-मिरचीवाली टक्कर बरीच कमी झाली.